एक वचन, दोन वारस

धर्मग्रंथ समाजाला घडवितो, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु समाजही आपल्या गरजेप्रमाणें ग्रंथाचा अर्थ घडवीत असतो, हें सहसा लक्षांत घेत नाहीं. यहूदी व ख्रिस्ती यांच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण आहे. त्यांतून निघणारा नैतिक प्रश्न कोणत्याही धर्माच्या अनुयायाला लागू पडतो, म्हणून त्याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बायबलाच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकांत इसहाकाची पत्नी रिबेका हिच्या पोटांत जुळे झुंजूं लागतात. ती देवाला कारण विचारते, तेव्हां उत्तर मिळतें कीं, तुझ्या उदरांत दोन राष्ट्रें आहेत आणि थोरला धाकट्याची सेवा करील. थोरला तो एसाव, धाकटा याकोब. याकोबालाच पुढें इस्राएल हें नांव मिळालें, व यहूदी लोक स्वतःला त्याचेच वंशज मानीत आले.

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें. वेदी गेली, यज्ञ थांबले. उरला तो ग्रंथ. ‘आम्ही कोण?’ या प्रश्नाचें उत्तर आतां ग्रंथांतच शोधावयाचें होतें. यहूदी आचार्यांनीं, म्हणजे रब्बींनीं, जेत्या रोमला एसाव ठरविलें. आज एसावाचा हात वर असला तरी वचन याकोबाला आहे, हा त्या अर्थांतील दिलासा होता.

नवोदित ख्रिस्ती पंथही तोच ग्रंथ वाचीत होता. संत पौल स्वतः यहूदी. देवाची निवड मनुष्याच्या कर्मावर अवलंबून नसते, हें दाखविण्यासाठीं त्यानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत या वचनाचा आधार घेतला. त्याच पत्रांत, मूळ झाडापुढें कलम केलेल्या फांदीनें मिरवूं नये, असा इशाराही त्यानें दिला आहे. परंतु इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियननें थोरला म्हणजे यहूदी आणि धाकटा म्हणजे ख्रिस्ती, असा अर्थ लाविला. याकोबाच्या वंशजांनाच एसाव केलें! पुढें ३८० मध्यें थिओडोशियस बादशहानें ख्रिस्ती धर्म राजधर्म ठरविला. तेव्हां रोमला दिलेलें एसावाचें नांव यहूदी ग्रंथकारांनीं ख्रिस्ती जगाला दिलें. दोघेही स्वतःपुरते याकोब, दोघांनाही समोरचा एसाव.

तरीही हे दोन अर्थ एका तराजूंत घालणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. दुर्बळाच्या मुखीं जो दिलासा असतो, तोच सत्तेच्या हातीं शस्त्र होतो. यहूदी स्वतःच्या दोषानें कायमच्या दास्यांत पडले आहेत, असें पोप तिसरा इनोसंट यानें १२०५ सालीं लिहिलें. ‘सेवा’ हा शब्द आतां नुसता कथेंतला राहिला नव्हता. यहूदी देवानें टाकलेले आहेत असें शास्त्रावरून निघतें, हें सांगूं नये, अशी घोषणा रोमन चर्चनें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत केली, ती १९६५ मध्यें. ग्रंथ तोच होता. बदलला तो वाचणारा.

म्हणून ‘शास्त्रांत असें आहे’ एवढ्यानें कोणाचीही सुटका होत नाहीं. अर्थ निवडणारे आपण. त्याच्या परिणामांचे धनीही आपणच. त्याच पुस्तकांत पुढें एसाव धांवत येऊन याकोबाला मिठी मारतो, त्याचें चुंबन घेतो, आणि दोघे रडतात. यहूदी पोथ्यांत ‘चुंबन’ या शब्दावर टिंबें दिलेलीं असतात. तें मनापासूनचें होतें कीं नाहीं, यावर रब्बींनीं वाद घातला. निदान त्या क्षणीं तरी तें मनापासूनचें होतें, असें त्यांच्यांतील एकाचें मत पडलें. वारशाचा दावा सांगणाऱ्या कोणत्याही समाजानें तें मत विसरूं नये.