विटेवरचा वाट पाहतो आहे

संतसज्जनहो, तुकडा तपासून आतड्याचा कर्करोग ठरला. तो कुठवर पसरला हे सांगणारा स्कॅनचा अहवाल अजून यायचा आहे. हे मधले दिवस फार जड जातात. रात्री डोळा लागत नाही. अशा वेळी विटेवरचा विठोबा आठवावा. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता, म्हणून देवालाही वाट पाहावी लागली. उभे राहायला मिळाली एक वीट! बाबांनो, अहवालात असेल ते काळजीने पालटत नाही. आपली वीट म्हणजे आजचे काम. दोन घास वेळेवर खावे, डॉक्टरांना विचारायचे ते लिहून ठेवावे, मुखी नाम असावे. नाम औषधाच्या जागी नव्हे. औषध सुरू होईतो तो पायाखालचा आधार. घरच्यांनी पुंडलिक व्हावे. उशाशी बसावे, बोलेल ते ऐकावे. रामकृष्णहरि.