आधी आलेला आणि आता येणारा

घरभाड्याच्या कायद्याबद्दल कराडमध्ये दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही पोटतिडकीची असतात. सोमवार पेठेतल्या जुन्या वाड्यातला भाडेकरू म्हणतो, कायदा होता म्हणून गावात टिकलो. मालक म्हणतो, या कायद्यानेच वाडा खचला. माझं बालपण अशाच एका वाड्यातल्या दोन खोल्यांत गेलं. भाडं नाममात्र, म्हणून वडिलांच्या तुटपुंज्या पगारात आम्हा भावंडांची शिक्षणं झाली. त्याच वाड्याची मागची भिंत मात्र पावसाळ्यामागून पावसाळे भिजत राहिली. ती बांधून काढण्याइतकं भाडं मालकाच्या हाती कधी आलंच नाही. मला दोघांचंही म्हणणं पटतं.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या घरटंचाईत ते गरजेचंच होतं. पण महागाई वाढत गेली आणि भाडी तिथेच राहिली. १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. पण ४० रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे १ रुपया ६० पैसे. त्यात भिंत उभी राहत नाही.

या वादात तिसऱ्या माणसाचं नावच निघत नाही: आज खोली शोधत येणाऱ्याचं. १९६०पासून इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मलकापुरात मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय शिक्षण आहे. पाटण, खटाव, शिराळा, कडेगावहून मुलं-मुली येतात. विद्यानगरात शिकवत असताना मी पालकांबरोबर खोल्या पाहत हिंडलो आहे. एका वडिलांनी विचारलं, "सर, फी माफ झाली, पण खोलीचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या मुलाला मिळतो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. त्याला ४ टक्क्यांचं बंधन नाही. मुदत संपली, की मालक सांगेल ते भाडं द्यायचं, नाहीतर खोली सोडायची.

म्हणजे कायदा आधी आत आलेल्याला सांभाळतो आणि नंतर येणाऱ्याला उघड्यावर सोडतो. लोकमतही तसंच वागतं. वाड्यातल्या भाडेकरूचं मत इथे पडतं. विद्यार्थ्याचं नाव गावाकडच्या यादीत असतं. त्यामुळे पालिकेच्या निवडणुकीत त्याच्या खोलीचा प्रश्न निघत नाही. दुसरीकडे, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची घरं इथे कुलूपबंद पडून आहेत. भाडेकरू एकदा आला की निघणार नाही, ही जुनी धास्ती अजून गेलेली नाही.

भाडी पुन्हा गोठवून हे सुटणार नाही आणि सगळं बाजारावर सोडूनही सुटणार नाही. करार तीन वर्षांचा असावा, दरवर्षीची वाढ त्यात आधीच लिहिलेली असावी आणि मुदत संपल्यावर मालकाला घर खात्रीने परत मिळावं. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. ती राज्यानेही घ्यावी. आणि विद्यार्थ्यांसाठी, परिचारिकांसाठी वसतिगृहं बांधणं हे रस्ते-पाण्याइतकंच सार्वजनिक काम मानावं.

तोवर जे हातात आहे ते तरी करू. भाड्याची पावती हा भाडेकरूचा हक्क आहे. कराराची नोंदणी ही आजच्या कायद्यानेही मालकाचीच जबाबदारी आहे. नोंदलेला लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणून नोंदणीत मालकाचंही हित आहे. कराडच्या घरमालकांना माझी एवढीच विनंती आहे: आपली मुलंही पुण्यात कुणाच्या तरी खोलीत भाड्याने राहतात. त्यांना जसा करार मिळावा असं आपल्याला वाटतं, तसाच करार आपल्या दारी आलेल्या मुलाशी करा.