सुई, नाम आणि माझेपण

कीर्तन आटोपल्यावर मायमाउल्या एक प्रश्न पुष्कळदा विचारतात. "महाराज, दुपारी हातात गोधडी असते, नाहीतर नातवाचे लोकरीचे टोपडे. तोंडाने नाम घेते, पण मन त्या लेकराकडेच धावते. मग ते नाम वाया गेले का?" प्रश्न साधा वाटतो, पण प्रपंच आणि परमार्थ यांची सगळी ओढाताण त्यात आहे.

पूर्वपक्ष असा की, मन एकच आहे. ते नातवापाशी गेले म्हणजे पांडुरंगापाशी राहिले नाही. म्हणून सुई खाली ठेवावी, माळ हाती घ्यावी.

संतांची चरित्रे मात्र याला साक्ष देत नाहीत. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही. कबीर काशीत मागावर बसून विणत राहिले. नामदेवराय तर शिंपी कुळातले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. त्यांतल्या एका पदात गज आणि कात्री हीच भजनाची साधने झाली आहेत. दुसऱ्या एका पदात बाळाला पाळण्यात ठेवून घरकाम करणारी आई येते. तिचे हात कामात आणि चित्त बाळापाशी. देवाकडे चित्त असेच लागावे, हा त्याचा आशय. ज्या ओढीला आपली माउली दोष समजते, तीच ओढ नामदेवरायांनी भक्तीचा दाखला म्हणून दिली!

तरी येथे घाई करू नये. हात कामात आहेत एवढ्याने भजन होत नाही. रुखवतात क्रोशाचा रुमाल मांडायचा आणि विहिणीने तो पाहिला की नाही यावर डोळा ठेवायचा, तर त्या विणीत अहंकारच गुंफला जातो. मग भेद कुठे करायचा?

गोधडीकडेच पाहा. विटलेली सुती लुगडी, जुनी धोतरे एकावर एक अंथरतात, वर ठिगळे मांडतात आणि कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत येतात. आजीचे लुगडे, बापाचे धोतर, लेकीचा परकर. एकदा थरात गेले की कोणाचे कोणते ते कळत नाही. प्रत्येक कापड आपले नाव सोडते आणि ऊब देते. शिवणारीही त्यावर आपले नाव घालत नाही.

एका घरी सासूच्या तेराव्यानंतर तिच्या गोधडीवरून दोन जावांत अबोला झाला. गोधडी ट्रंकेत गेली. आज ती कोणाच्याच अंगावर नाही. उलट आषाढीच्या वाटेवर, पावसात भिजून मुक्कामाला पोहोचल्यावर, अनोळखी घरच्या माउलीने आतली गोधडी आणून आमच्यापुढे टाकली, असे कितीदा घडले. तीतही तिच्या आईचे लुगडे असेलच की! माया दोन्हीकडे आहे. पण एकीकडे तिला कुलूप लागले, दुसरीकडे दार उघडले. मोह म्हणतात तो त्या कुलपाला.

म्हणून माउलीला माझे उत्तर असे: मन नातवाकडे गेले तर जाऊ द्यावे, नाम सोडू नये. मात्र शेवटचा टाका घालताना स्वतःला विचारावे, हे दुसऱ्या कुडकुडणाऱ्या लेकराला पांघरावे लागले तर? जीव तुटेल. जीव तुटणे हा दोष नव्हे. प्रेमाने केलेल्या वस्तूत जीव अडकतोच. तरीही हात पुढे झाला, तर ते शिवणे भजनच झाले.

आणि पुरुष मंडळींना एक सांगणे. हा प्रश्न नेहमी बायाच विचारतात. आपण त्याच गोधडीत निजतो आणि आपल्याला काही विचारावेसे वाटत नाही. फुकट मिळालेल्या उबेचे ऋण कसे फेडावे, एवढे तरी आज निजताना आपण स्वतःला विचारावे.

रामकृष्णहरी.