द्यूतातील सुख आणि गीतेची कसोटी

गीता मनुष्याला सुख टाकण्यास सांगते, असा एक समज पुष्कळांच्या मनात रूढ आहे. वस्तुतः गीतेने सुखाचा निषेध केलेला नाही. तिने सुखाची परीक्षा केली आहे. अठराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी सुखाची तीन प्रकारांत वाटणी केली. आरंभी कष्टाचे वाटणारे पण परिणामी निर्मळ ते सात्त्विक. आरंभी गोड पण परिणामी घातक ते राजस. आणि आदिअंती बुद्धीला केवळ झापड आणणारे ते तामस. ही कसोटी पूजापाठाला किंवा दानधर्माला लावणे सोपे आहे. जुगाराला ती लावणे अवघड जाते, कारण तेथे विचार करण्यापूर्वीच निंदा ओठांवर येते. परंतु ज्याची निंदा करावयाची त्यात मनुष्याला काय गोड लागते हे समजल्यावाचून केलेली निंदा कोणालाच परावृत्त करीत नाही.

हा विचार छत्तीसगडातील भिलाई नगराच्या संदर्भात विशेष प्रस्तुत झाला आहे. भारत व सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून तेथील पोलादाचा कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्यामुळे मराठी कुटुंबांना तो मुलूख परका नव्हता. देशाच्या आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतील फार मोठा भाग या नगराच्या श्रमाचा आहे. त्याच भिलाईचे नाव २०२३ साली मात्र निराळ्या कारणाने सर्वतोमुखी झाले. तेथील तरुणांनी उभारून दुबईहून चालविल्याचा आरोप असलेल्या ‘महादेव’ नावाच्या सट्ट्याच्या ॲपचा तपास सक्तवसुली संचालनालयाने हाती घेतला होता. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने त्यासह २२ बेकायदा सट्ट्याची ॲपे व संकेतस्थळे रोखण्याचा आदेश काढला. क्रिकेटच्या जोडीला पोकर आदी पत्त्यांच्या खेळांवरही तेथे पैसा लावला जात असे, असे तपासयंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपांचा निर्णय न्यायालयाचा विषय होय. विचारवंतापुढे प्रश्न उरतो तो असा : हेच पत्ते समोरासमोर बसून खेळणारी सभ्य माणसेही जगात आहेत, त्यांना त्यात कोणते सुख लाभते, आणि ते गीतेच्या कसोटीला कितपत उतरते?

समोरासमोरच्या पोकर-स्पर्धेचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. भारतात अशा स्पर्धा मुख्यतः गोव्यात, पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवर भरत आल्या आहेत. प्रत्येक खेळाडू ठरावीक प्रवेशमूल्य भरतो व सर्वांना सारख्याच चकत्या मिळतात. या चकत्यांना स्पर्धेबाहेर काही मोल नसते. रूढ प्रकारात बावन्न पानांचा जोड पिसून प्रत्येकाला दोन पाने पालथी वाटली जातात, आणि पुढे पाच पाने सर्वांसाठी मेजावर उघडी मांडली जातात. आपली पाने कोणती हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्यावरून बोली वाढवावी, समोरच्याची बोली स्वीकारावी की पाने टाकून द्यावी, हे ज्याने त्याने ठरवावयाचे. सक्तीची बोली ठरावीक वेळाने वाढत जाते, त्यामुळे नुसती वाट पाहणाऱ्याच्या चकत्या आपोआप झिजतात. चकत्या संपल्या की खेळाडूने उठावयाचे. लास वेगास येथील जागतिक मालिकेने १९७१ पासून ही पद्धत प्रतिष्ठित केली. बक्षिसे सामान्यतः शंभरांतील दहा-पंधरा जणांनाच मिळतात. चालकांचा वाटा वेगळाच. म्हणजे बहुसंख्य खेळाडू पदरचे द्रव्य गमावूनच घरी जातात. सुख केवळ जिंकण्यात असते तर पुढच्या स्पर्धेला सभागृह ओस पडले असते. तसे होत नाही. अर्थात् सुखाचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे.

पहिले मूळ म्हणजे आरंभीची समता. व्यवहारात धनवान व नोकरदार सारख्या भांडवलावर कधीच उभे राहत नाहीत. येथे ते राहतात. पत्ते वाटणारा तिऱ्हाईत असतो, नियम एकच असतो. कौटिल्याने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, तेथील अध्यक्षाने खरे फासे पुरवावे आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावे, अशी त्याची व्यवस्था आहे. दुसरे मूळ म्हणजे मर्यादा. किती गमवावे लागेल हे बसण्यापूर्वीच ठरलेले असते आणि खेळालाही शेवट असतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणून घरोघरी जो खेळ होई, त्याचे रहस्यही हेच. दिवस एक, मंडळी घरची, रक्कम किरकोळ. तिसरे मूळ म्हणजे समोरचा चेहरा. हाताचा कंप, बोलीपूर्वीचा विलंब, उगाच केलेला विनोद, यांवरून समोरच्याचे मन वाचावयाचे आणि आपले झाकावयाचे, यात बुद्धीला खाद्य मिळते. चौथे म्हणजे निर्णय. दैव व पुरुषकार यांची सीमा कोठे आहे याचा तेथे क्षणोक्षणी शोध घ्यावा लागतो. पाचवे म्हणजे सभ्यता. जिंकणारा हरलेल्याला हिणवू लागला, किंवा कोणी मुद्दाम विलंब लावून इतरांना ताटकळत ठेवू लागला, तर बक्षीस मिळूनही सायंकाळ नासते.

या पाचांत पैसा कोठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तरीही पैसा काढून घेतला तर हा खेळ लवकरच विस्कटतो. चकत्यांमागे काही मोल नसले की जो तो वाटेल त्या पानांवर वाटेल ती बोली करतो, आणि कोणाच्याही बोलीला अर्थ उरत नाही. यावरून असे दिसते की सुख अवधानाचे आहे. पैसा ही त्या अवधानासाठी चंचल मनाला द्यावी लागणारी लाच आहे.

येथे चतुर खेळाडू असा पूर्वपक्ष मांडतील : ‘आमच्या खेळाइतका निष्काम कर्माचा अभ्यास अन्यत्र होणार नाही. दोन एक्के हाती येण्याचा योग सरासरी २२१ डावांत एकदा. समजा, समोरच्याजवळ दोन बादशहा आहेत आणि दोघांनीही सर्व चकत्या पुढे सारल्या. एक्के शंभरांत सुमारे ८२ वेळा जिंकतील. उरलेल्या वेळी योग्य निर्णय करूनही पराभव पदरी येईल. म्हणून आम्ही निर्णयाची परीक्षा फळावरून करीत नाही आणि हरलो तरी चित्त ढळू देत नाही. कर्मावर अधिकार, फळावर नाही, ही गीतेचीच शिकवण नव्हे काय?’

हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, आणि त्यातील सत्यांश मान्य केला पाहिजे. फळावरून कर्माची किंमत न करणे ही थोर शिस्त आहे. व्यापारात, वैद्यकात, राज्यकारभारात ती दुर्मिळ आहे. तथापि दोन ठिकाणी हा पूर्वपक्ष लटका पडतो. एक असे की, येथे फळाचा त्याग झालेला नसून फळ पुढे ढकललेले असते. ‘आजचा डाव गेला तरी हजार डावांत हिशेब माझ्याच बाजूचा होईल,’ या भरवशावर आलेली शांती ही कुशल सावकाराची शांती होय, योग्याची नव्हे. दुसरे असे की, लाभ-हानी व जय-पराजय समान मानण्याचा उपदेश अर्जुनाला स्वधर्माचा विचार सांगून झाल्यावर केलेला आहे. कर्म योग्य आहे काय हा प्रश्न आधीचा. ते समबुद्धीने कसे करावे हा नंतरचा. समबुद्धी हा कोणत्याही कर्माला मिळालेला परवाना नव्हे. शकुनीचेही चित्त फासे टाकताना स्थिरच असेल.

कौशल्य की दैव, हा प्रश्न न्यायालयांनीही पुष्कळ हाताळला. मुंबई राज्यातील बक्षीस-स्पर्धांविषयी १९५७ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तापासून स्मृतींपर्यंतची परंपरा आठवली होती, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले होते. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांच्या बाबतीत हा भेदच दूर सारला. महाभारताने तर तो आधीच ओलांडला होता. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकल्यावर नल पुष्कराला जिंकतो, आणि जिंकल्यावर त्याला क्षमा करून सन्मानाने त्याच्या नगरी पाठवितो. कथेच्या शेवटी बृहदश्व ती विद्या युधिष्ठिरालाही देतात. म्हणजे कौशल्याला महाभारताने दोष दिलेला नाही. परंतु कौशल्य लाभल्याने सभापर्वातील प्रश्न सुटत नाही.

तो प्रश्न द्रौपदीचा आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, असे तिने भर सभेत विचारविले. ज्याने स्वतःलाच गमावले, त्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांसारख्या धर्मज्ञालाही त्याचे निर्णायक उत्तर देता आले नाही. द्यूताचा खरा नैतिक प्रश्न दैव किती आणि कौशल्य किती हा नसून, पणाला लावलेले माझे आहे काय, हा होय. महिन्याच्या पगारात पत्नीचा संसार असतो, मुलांची फी असते, वृद्ध मातापित्यांचे औषध असते. ते द्रव्य ज्याच्या हाती येते त्याच्या एकट्याच्या मालकीचे ते नसते. खेळातली लाच या सर्वांच्या खिशातून दिली जाते, आणि त्यांतील कोणीही मेजाशी बसलेले नसते.

दहाव्या अध्यायात छळ करणाऱ्यांच्या साधनांतील द्यूत ही आपली विभूती असल्याचे श्रीभगवंतांनी सांगितले, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ज्ञानेश्वर महाराजांनी त्याचा मार्मिक आशय उकलला आहे : ही चव्हाट्यावर होणारी चोरी आहे, तरी ती कोणाला निवारता येत नाही. कारण ज्याचे जाते त्याचीच तिला संमती असते. समोरासमोरच्या खेळात निदान तो चव्हाटा शिल्लक असतो. हरणाऱ्याचा उतरलेला चेहरा जिंकणाऱ्याला पाहावा लागतो, आणि चारचौघांची लाज दोघांनाही आवर घालते. गोव्याने २०२० पासून आपल्या रहिवाशांना या जहाजांवर येण्यास बंदी केली. आपल्या माणसाचा उतरलेला चेहरा पाहणे राज्यालाही रुचत नाही, असाच तिचा अर्थ घ्यावा लागतो. भ्रमणध्वनीवरील सट्ट्यात हा चव्हाटाही नाहीसा होतो. तेथे समतेची खात्री नाही, रकमेला मर्यादा नाही, डावाला शेवट नाही, समोर मनुष्य नाही आणि म्हणून सभ्यताही नाही. वर सांगितलेली पाचही मुळे तुटतात. उरते ती केवळ लाच. रात्रपाळीवरून परतलेला एखादा तरुण अंधाऱ्या खोलीत बोटाने पडदा सरकवीत पहाट करतो, त्याला राजस सुखही लाभत नाही. ती अठराव्या अध्यायातील तिसरी, झापड आणणारी अवस्था होय.

याच्या उलट त्याच नगरातील झोतभट्टीकडे पाहावे. ती वर्षानुवर्षे अहोरात्र पेटती ठेवावी लागते. वितळलेले लोखंड सुमारे १,५०० अंश उष्णतेने बाहेर वाहते, तेव्हा भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कामगारांना अवधान ठेवण्यासाठी कोणी लाच द्यावी लागत नाही. तेथेही सर्वांना नियम सारखा, सोबत्याचा चेहरा समोर, निर्णय क्षणाचा आणि चुकीची किंमत खरी. त्यांनाही वेतन हवे असते व मिळाले पाहिजे. परंतु एकाच्या वेतनासाठी दुसऱ्याला हरावे लागत नाही. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा, एकमेकांना पोसत श्रेय साधण्याचा, अर्थ याहून निराळा नाही. मेजाभोवती मनुष्य जे शोधतो ते तेथे कष्टाच्या रूपाने आधीच हजर असते. आरंभी ते कडू लागते म्हणून ओळखू येत नाही इतकेच.

म्हणून पत्ते हाती घेणाऱ्याला शिव्याशाप देण्याचे कारण नाही. त्याला सुख हवे आहे, आणि अवधानाचे सुख हवे असणे हा दोष नव्हे. मात्र बसण्यापूर्वी त्याने स्वतःला विचारून पाहावे. जे मी पुढे सारणार आहे ते खरोखर माझे एकट्याचे आहे काय? समोरचा हरला तर त्याच्या घरापर्यंत जाऊन त्याच्या माणसांच्या डोळ्यांत मला पाहता येईल काय? पैसा बाजूला ठेवला तर माझे चित्त घटकाभर तरी एका जागी टिकेल काय? पहिल्या दोन प्रश्नांना नकार आला, तर त्याने उठून घरी जावे. तिसऱ्याला नकार आला, तर साधना कोठून आरंभावयाची हे त्याला कळले असे समजावे. श्रीभगवंतांनी चंचल मनासाठी अभ्यास व वैराग्य हे दोनच उपाय सांगितले आहेत, आणि त्या दोहोंसाठी कोणतेही प्रवेशमूल्य भरावे लागत नाही.