खाडा कोणाचा?

स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मोलकरणीचे खाडे टिपून ठेवण्याची रीत आपण मराठी मंडळी दिल्लीस आलो तरी सोडीत नाही. दुधाच्या हिशेबाशेजारी तारखेभोवती एक लहानसे वर्तुळ पडते आणि महिनाअखेर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात. २०२० च्या मार्चमध्ये लक्ष्मीबाई नगरातील आमच्या सरकारी निवासस्थानी ही पद्धत प्रथमच अडखळली. २५ मार्चपासून एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि रोज सकाळी सातला येणारी बाई येऊ शकेनाशी झाली. त्या तारखांभोवती वर्तुळे काढावीत की काढू नयेत? प्रश्न दिसावयास क्षुल्लक होता. पण त्याच्या पोटात न्यायान्यायाचा मोठा प्रश्न होता.

आमच्या घरात नोकरी करणाऱ्या स्त्रिया दोन. एक माझी पत्नी, केंद्र सरकारातील अधिकारी. दुसरी ही मोलकरीण. महामारीचा आघात दोघींवर एकाच दिवशी झाला, परंतु उलट्या दिशांनी. एकीचे काम दुप्पट झाले, दुसरीचे संपले. कचेरी घरात आली, पाठोपाठ मुलीची शाळाही आली. एकाच संगणकावर कार्यालयीन टिपणी आणि चौथीचे गणित, आणि मधल्या वेळात धुणेभांडी. माझा हातभार होता. पण तो हातभारच होता. त्या दिवसांत पत्नी एकदा म्हणाली, "माझ्या पंधरा वर्षांच्या सेवापुस्तिकेत तिचे नाव कोठेच नाही, पण ती नसती तर ही सेवा झाली नसती."

आणि वेतन? आमचे वेतन वेळेवर जमा झाले. ते दान आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही. २९ मार्चला गृह मंत्रालयाचा आदेश निघाला, की उद्योग, दुकाने व व्यापारी आस्थापना यांनी बंदच्या काळातील वेतन कपात न करता द्यावे. हा आदेशही मेच्या मध्यापर्यंतच टिकला. आणि घर ही काही आस्थापना नव्हे. पुढे एप्रिलमध्ये सरकारने महागाई भत्त्याचे वाढीव हप्ते गोठविले. जानेवारी २०२० ते जून २०२१ या अठरा महिन्यांच्या थकबाकीविषयी आपण किती हळहळलो, हे वाचकांस सांगावयास नको. तो आपला हक्क होता. मात्र त्याच तोंडाने, मोलकरणीस दिलेल्या पैशाला आपण 'मदत' म्हणत होतो.

यावर एक आक्षेप मनात येतो. काम झाले नाही तर दाम कशाचा? शिवाय टाळेबंदी आपण केली नव्हती. मग तिचा भुर्दंड आपण का सोसावा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर एकटी राहणारी वृद्धा आणि दोन पगारांचे घर यांना एकच माप लावता येणार नाही. तथापि खाडा म्हणजे ज्याने यावयाचे तो न येणे. येथे ती यावयास तयार होती. दार बंद होते. दार तिने लावले नाही, आपणही नाही. मग हानी कोणी सोसावी? दोघेही निर्दोष असताना जो सोसू शकतो त्याने, हेच उत्तर मला सुचते. आणि ज्याची स्वतःची मिळकत अखंड राहिली त्याला तर ते टाळताच येत नाही.

आपल्या भाषेने याचा निवाडा केव्हाच केला आहे. मोलाने काम करणारी ती मोलकरीण; तिला द्यावयाचे ते मोल, दान नव्हे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टी मागणाऱ्या त्या स्त्रियांना दया नको होती. आपण रजेच्या अर्जावर जे मागतो तेच हवे होते.

आता माझा हिशेब सांगितला पाहिजे. मार्च आणि एप्रिलचे पैसे आम्ही पूर्ण दिले, मेचे निम्मे. अधिक देणे जड गेले असते असे नाही. 'किती दिवस फुकट द्यावयाचे' हा विचार माझ्याच मनात आला आणि पत्नीच्या विरोधावर मी मात केली. जूनमध्ये बाई परत आली. तोंडावर पदर बांधून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आपले फार उपकार झाले. इतर दोन घरांनी काहीच दिले नाही."

ते शब्द मला बोचले. जिचे निम्मे देणे मी थकविले होते, ती माझे आभार मानीत होती. त्या क्षणी तिची समजूत दुरुस्त करण्याचे धैर्य मला झाले नाही. उरलेली रक्कम मी पुढील महिन्याच्या पगारात घातली, तेव्हा तिने विचारले, "हे कशाचे?" मी म्हणालो, "मे महिन्याचे राहिले होते." तिने दोनदा नोटा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि या वेळी आभार न मानता भांडी घासावयास गेली.