स्थिर काटा आणि स्थितप्रज्ञ

गीतेत समत्वाचा विषय निघतो तेव्हा अनेकदा सुखदुःखाच्या आधी थंडी आणि ऊन यांचा उल्लेख येतो. दुसऱ्या अध्यायात, सहाव्यात आणि बाराव्यातही ही जोडी आहे. ज्याला दोन्ही सारखेच, तो श्रेष्ठ. पण सारखेच म्हणजे काय? थंडी-उन्हाचा स्पर्शच होत नाही असा तो, की स्पर्श पुरेपूर होऊनही ढळत नाही असा? आपल्याकडे पहिला अर्थ फार सहज रुजला आहे. दगडासारखा बसून राहणारा तो ज्ञानी, अशी समजूत कीर्तनापासून घरातल्या सांत्वनापर्यंत सगळीकडे आढळते. ही समजूत चुकीची आहे असे मला वाटते, आणि ती तपासायला मोटारीचे इंजिन हे चांगले साधन आहे. तिथे थंडी आणि उष्णता या उपमा नाहीत, मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत.

कॅनडातल्या हिवाळ्यात, उणे 20 अंशांच्या थंडीत, ताशी 110 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी घेऊ. सिलिंडरमधल्या ज्वलनाचे तापमान क्षणभर 2000 अंशांच्या वर जाते. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा उपयोगी कामात बदलतो, जवळजवळ तेवढाच धुराड्यातून जातो आणि उरलेल्यातला बराचसा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटला सोसावा लागतो. समोर रेडिएटरवर गोठवणारा वारा आदळत असतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट 90 अंशांना धरला, तर चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हा फरक 50 अंशांचा; इथे तो 110 अंशांचा, म्हणजे दुपटीहून जास्त. भर उन्हात, भरल्या गाडीनिशी घाट चढता यावा म्हणून योजलेला रेडिएटर या थंडीत गरजेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढून घेऊ शकतो. तरीही चालकासमोरचा तापमानाचा काटा मध्यावर असतो.

तो तिथे राहतो थर्मोस्टॅटमुळे. धातूच्या लहान कुपीत मेण भरलेले असते. कूलंट साधारण 85 ते 90 अंशांना पोचला की मेण वितळते, फुगते, दांडी ढकलते आणि रेडिएटरकडची झडप उघडते. कूलंट निवला की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप मिटवते. त्या कॅनडातल्या रस्त्यावर ही झडप जेमतेम किलकिली असते. बहुतेक कूलंट रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतो. चढ आला, वेग वाढला की ती थोडी अधिक उघडते. उतारावर पुन्हा मिटते. म्हणजे काटा स्थिर आहे कारण झडप स्थिर नाही. मेणाला उष्णता जाणवली नाही, तर काटा स्थिर राहणे शक्यच नाही. संवेदना आणि स्थैर्य यांत विरोध आहे, हे ज्या समजुतीचे मूळ आहे, ते इथे तुटते.

आता ही झडप उघडी अडकली तर काय होते ते पाहू, कारण खरा धडा तिथे आहे. शहरात, सिग्नलला थांबत जाताना काटा ठीक दिसतो. हमरस्त्यावर वेग धरला की तो खाली घसरतो. पुन्हा गाव लागले की वर येतो. थंड इंजिन म्हणजे सुरक्षित इंजिन असे अनेकांना वाटते, आणि ते खरे नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. त्याची थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने निसटून ऑइलपर्यंत जाते. ऑइल गरम असेल तर ती उडून जाते. गार असेल तर तिथेच पाणी होऊन साचते. अर्धवट जळलेले इंधनही ऑइलमध्ये उतरते, गाळ धरतो, सिलिंडर झिजतात, इंधन जास्त लागते. इंजिन ओरडत नाही, धूर काढत नाही, हळूहळू मरते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अती खाणाऱ्याला योग नाही असे सांगताना मुळीच न खाणाऱ्यालाही नाही असे त्याच दमात सांगितले आहे. आपल्या धर्मविचारात तापण्याचे, म्हणजे क्रोधाचे, कामाचे, लोभाचे धोके विस्ताराने सांगितले जातात. गारठून जाण्याचा धोका मात्र क्वचितच कोणी सांगतो. उलट तो वैराग्य म्हणून गौरवला जातो.

यावर वेदान्ती आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. झडप उघडणे-मिटणे हा सारा प्रकृतीचा व्यवहार. खरे समत्व आत्म्याचे, जो काहीच करत नाही, नुसता पाहतो. आत्म्याबद्दल हे मान्य करूनही मी एवढेच म्हणेन, की अर्जुनाने तो प्रश्न विचारलेला नाही. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असे त्याने विचारले. हा वागण्याचा प्रश्न आहे. आणि उत्तरात आलेले कासव अवयव आत घेणारे आहे, अवयव नसलेले नाही.

दुसरा आक्षेप असा, की थर्मोस्टॅट उघडण्याचा अंश कारखान्यात ठरतो. माणसाचा कोणी ठरवला? खरे तर इंजिनाचाही तो कोणाच्या लहरीने ठरत नाही. कूलंट उकळू नये, ऑइल घट्ट राहू नये, धातू नेमका तेवढाच फुगावा, अशा कामाच्याच गरजांतून तो निघतो. माणसाच्या बाबतीतही किती ऊब हवी हे त्याच्या वाट्याच्या कामावरून कळते: रुग्णाजवळ बसणाऱ्याला वेगळी, न्याय देणाऱ्याला वेगळी. फरक एवढाच की मेणाला हे कळावे लागत नाही, माणसाला कळावे लागते. यंत्र त्यापलीकडे काही शिकवू शकत नाही.

सर्वांत अडचणीचा आक्षेप काट्याबद्दलच आहे. आजच्या पुष्कळ गाड्यांत कूलंट साधारण 75 ते 105 अंशांत कुठेही असला तरी काटा मध्यावरच दाखवतात, चालकाने उगाच घाबरू नये म्हणून. शिवाय तो कूलंटचे तापमान सांगतो. ऑइल त्याच्या बरेच मागून गरम होते. म्हणजे काटा स्थिर असणे हा इंजिन सम असल्याचा पुरावा नव्हेच. इथे मी पूर्ण सहमत आहे, आणि माझे म्हणणे त्याने पक्केच होते. चेहरा हा काटा आहे. न रडणारा, आवाज न चढवणारा माणूस सावरलेला असेल किंवा आतून गारठलेलाही असेल; चेहऱ्यावरून ते ओळखता येत नाही. ओळखायचे तर भार पडल्यावर तो काय करतो ते पाहावे लागते: दुसऱ्याचे दुःख त्याच्यापर्यंत पोचते का, पोचल्यावर त्याचे वागणे त्या प्रमाणात बदलते का.

म्हणून एक विनंती. घरात मृत्यू झाल्यावर जी बाई डोळ्यांतून टिपूस न काढता पाहुण्यांचा चहा करत राहते, तिला लगेच स्थितप्रज्ञ म्हणू नका. तिच्याजवळ बसा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन बसा.