बालगोपाळांचा मेळा कसा भरवावा?

सज्जनहो, काल्याच्या कीर्तनाला आपण सगळे धावून जातो. पण त्या काल्यात घडते काय, याचा विचार मुलांचा मेळा भरविणाऱ्याने जरूर करावा. देव गोपाळांना ओळीत बसवून उपदेश करीत नाही. आधी त्यांच्यासंगे गाई वळतो, खेळतो, मग सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो. कोणाची शिळी भाकर, कोणाचा दहीभात. काल्यात सगळे एक!

आपल्या संतांना खेळाचे वावडे नव्हते. नाथमहाराजांनी फुगडी, हुतूतू यांवर रचना केल्या. तुकोबारायांनी चेंडूफळी, टिपरी अभंगात आणली. मग आपण लेकरांना तास तास मांडी घालून का बसवतो? मूल चुळबुळते ते देवाला कंटाळून नव्हे, बाबांनो, आपल्याला कंटाळून!

शहागडसारख्या गोदाकाठच्या गावी मेळ्याला लागते काय? देवळाचा मंडप, एक पखवाज, चार टाळजोड. आठवड्यातून एक वार ठरवावा, तो चुकवू नये. आधी खेळ, मग पाऊल, मग एकच गोष्ट, शेवटी लाह्यांचा प्रसाद. सतरंजी एकाने अंथरावी, टाळ दुसऱ्याने मोजून ठेवावेत, पाणी तिसऱ्याने द्यावे. ज्याच्या हाती काम, त्याला मेळा आपला वाटतो. टाळ चुकला म्हणून डोळे वटारू नका. मुलीही पावलीत असू द्या. आणि मुले “अजून!” म्हणत असतानाच आवरते घ्या, पुढच्या वेळी ती न बोलावता येतील.

कोणी म्हणेल, अशाने परमार्थ शिकणार कधी? माउली, १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे ग्रंथांचा रीतसर अभ्यास होतो. ज्याला तो करणे आहे तो पुढे जाईल. गावचा मेळा गोडी लावण्यासाठी. गोडीवाचून पाठांतर म्हणजे नुसते ओझे.

आता खरी कसोटी ऐका. या भागातली आणि नदीपलीकडच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या सुमारास परततात. संगे लेकरेही जातात. परत आलेला पोरगा मंडपाच्या खांबाआड उभा राहतो. बाकीच्यांना नवे पाऊल आले, त्याला येत नाही. “तुला येत नाही, मागे बस,” असे आपण म्हटले, की तो पुन्हा येत नाही. मग भजन कितीही रंगो, काला मोडलाच!

याच गोदेच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तेथे तापल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू नाथांनी कडेवर घेतले, ही कथा आपण भक्तीने सांगतो. नाथांनी त्याला आधी काही विचारले नाही, उचलले! आपणही त्या पोराच्या हाती आधी टाळ द्यावा. मग म्हणावे, “बाळा, फडावरची, कोपीवरची गोष्ट आम्हांला सांग.” ती त्याची शिदोरी. ती काल्यात पडली की त्याची मान वर होते आणि बाकीच्या मुलांनाही नवे काही कळते.

म्हणून मेळा संपल्यावर किती आले हे मोजीत बसू नका. कोण आले नाही, ते मुलांनाच विचारा आणि त्याला आणायला मुलांनाच धाडा. सवंगड्याची हाक लेकरू मोडीत नाही.

रामकृष्ण हरि!